लाखेवरचा अंगठा

बसा, बसा मंडळी! पुढे सरका. मागच्या भिंतीला टेकून बसलेत ना, त्यांनी तर मुद्दाम पुढे या — भिंत कुठे पळून जात नाही! देवाचं नाव एकदा मोठ्यानं घ्या. घसाही मोकळा होतो आणि जेवणानंतरची झोपही उडते. हां! आता ऐका.

आजचा प्रश्न साधा आहे. एक वस्तू आपल्या घरात आहे. ती कुणाला द्यायची नाही, स्वतः वापरायची नाही, उघडूनसुद्धा बघायची नाही — नुसतं 'आहे, आहे' म्हणायचं. मग ती वस्तू आहे की नाही? बोला! ... "आहे!" बघा, पुरुष मंडळींकडून कसं ठणठणीत उत्तर आलं! बायकांच्या बाजूनं मात्र एकीनंही तोंड उघडलेलं नाही. हे ध्यानात ठेवा. शेवटी पुन्हा विचारणार आहे.

पेटीवाले, सूर द्या. ओळ माझीच आहे, उगाच कुणा संताच्या माथी मारत नाही —

मोहर जपली, माणूस गेला,
कोनाड्याला नमस्कार केला!

तर मंडळी, नीलकुंड नावाची एक नगरी होती. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. तिथली झाडं पावसाळा संपला की आपापली जागा बदलायची. तिथली गाढवं खरं बोलायची, म्हणून त्यांना कुणी चावडीवर येऊ देत नसे! आणि गावामागच्या डोंगरावर एक झरा होता, झऱ्याकाठी एक यक्ष बसायचा. हसू नका! झाडं आणि गाढवं वेगळी असतील, पण माणसं? माणसं अगदी तुमच्याआमच्यासारखी. नाकावर माशी बसू न देणारी!

त्या झऱ्याला पाणी नव्हतं, रस होता. संजीवन रस. एक घोट पोटात गेला की तुटलेलं हाड जुळायचं, चढलेलं विष उतरायचं, गेलेली दृष्टी परत यायची. गाव वसलं तेव्हा यक्षानं काय केलं, तर घरटी एकेक काळ्या दगडाची कुपी भरून दिली. आणि एकच वाक्य बोलला — "लागेल तेव्हा, लागेल त्याला पाजा." बस! एवढा सोपा उपदेश. यात न कळण्यासारखं काही आहे का?

पण माणसाला सोपं सांगितलं की त्याला शंका येते! गावातली शहाणी मंडळी बसली चावडीवर विचार करायला. एक म्हणाला, "लागेल तेव्हा म्हणजे खरंच लागेल तेव्हा. उगाच ताप आला, पडसं झालं म्हणून नव्हे." दुसरा म्हणाला, "त्याहून मोठं दुखणं आलं तर मग काय करणार?" तिसरा म्हणाला, "म्हणजे राखून ठेवलेलं बरं." ठरलं! कुपीच्या तोंडावर लाख ओतायची, लाखेवर अंगठ्याचा ठसा. आणि गावात सांगायचं की हा ठसा यक्षाच्या अंगठ्याचा आहे. कुपी ओटीवरच्या कोनाड्यात ठेवायची, तिला रोज फूल वाहायचं.

मग ज्या घराची मोहर शाबूत ते घर खानदानी. ज्यानं मोहर फोडली ते फुटक्या मोहरेचं घर. त्या घरात मुलगी द्यायची नाही, त्या घरची मुलगी करायची नाही, त्या घरच्या माणसानं दुसऱ्याच्या ओटीवर पाय ठेवायचा नाही. आणि रिकामी कुपी घेऊन कुणी डोंगर चढला तर यक्ष शाप देऊन त्याचा दगड करतो, असंही पसरवलं. कुणी पसरवलं? ज्यांनी जन्मात डोंगर चढला नव्हता, त्यांनी!

लग्न जमवायला पाहुणे आले की मुलगी मागाहून बघायचे. आधी कुपी! मुलाचा बाप ती कानाशी धरून हलवायचा. आत आवाज यायचा — डुबुक! की लगेच माना डोलायच्या. "वा! भरलेली आहे. खानदान आहे." डुबुकवर सोयरिकी जमायच्या हो! तुम्ही हसताय. तुमच्याकडे काय काय हलवून बघतात ते मी सांगायला नको.

या नगरीत हैबतराव नावाचे एक गृहस्थ होते. काय त्यांचा थाट! चावडीवर बसायचे तर उजवा पाय डाव्या मांडीवर चढवून, टाच सगळ्यांना दिसेल अशी. का? तर त्यांच्या उजव्या टाचेवर एक निळा डाग होता. ते म्हणायचे, "ही राजयोगाची खूण. जन्मतः आहे." राजयोग काही येत नव्हता, पण टाच मात्र चाळीस वर्षं हवा खात होती! रोज सकाळी अंघोळ करून कुपीसमोर उभे राहायचे, लाखेवरच्या त्या अंगठ्याच्या ठशावर कपाळ टेकायचे आणि म्हणायचे, "यक्षराजा, आमच्या घराण्यानं तुझी मोहर कधी मोडली नाही."

त्यांची आई जिवंत होती तोवर मागच्या पडवीत पडून असायची. तिच्या पाया पडायला सवड व्हायची नाही. कुपीला वाहिलेलं फूल सुकलं की नवीन यायचं. आईच्या अंगावरची गोधडी काही बदलायची नाही. सूनच तिचं सगळं करायची. सुनेचं, म्हणजे हैबतरावांच्या बायकोचं नाव बयजा. ती सासूजवळ बसायची, सासू तिच्याशी हळू आवाजात बोलायची. काय बोलायची? हैबतरावांनी कधी विचारलं नाही. बायका पडवीत काय बोलतात, त्यात राजयोगी माणसानं काय लक्ष घालायचं!

आता त्याच आळीच्या टोकाला धुरपा राहायची. तिची गोष्ट ऐका. लग्न होऊन आली तेव्हा घरात फक्त नवरा आणि सासरा. सासू आधीच गेलेली, म्हणजे चार गोष्टी कानात सांगणारं कुणी नव्हतं. वर्ष झालं नाही तोच नवऱ्याला निळा विंचू चावला. हा विंचू त्या डोंगराचाच. चावला की पायापासून निळा रंग वर चढतो. घोटा, गुडघा, कंबर, आणि छातीला पोचला की माणूस संपला. पोरगी सासऱ्याच्या पाया पडली. "मामंजी, कुपी फोडा! तुमचा मुलगा आहे!" म्हातारा कुपी उराशी धरून बसला. म्हणाला, "अजून कमरेपर्यंतच आलाय." मग म्हणाला, "आता काय, छातीलाच पोचलाय. आता फोडून उपयोग काय?"

गेला मंडळी. पंचविशीतला पोरगा गेला. घरात डुबुक वाजणारी कुपी आणि ओटीवर तिरडी!

आणि मसणात सगळ्यात आधी कोण बोललं? आपले हैबतराव! खांद्यावरचं उपरणं सावरत म्हणाले, "धन्य ते घर! मुलगा दिला, पण मोहर दिली नाही!" लोकांनी डोळे पुसले. धुरपानं मात्र डोळे पुसले नाहीत. तिनं हैबतरावांकडे बघितलं. नुसतं बघितलं. पण ते बघणं हैबतरावांना आवडलं नाही, ते दुसरीकडे वळले.

पुढे सासरा मेला. एका दुपारी घाटाखाली तांड्यातला एक परका माणूस बैलाखाली सापडला. छातीचा पिंजरा मोडलेला. कुणाचा कोण! धुरपा घरात गेली, कुपी आणली, भर रस्त्यात दगडावर मोहर फोडली आणि त्याच्या तोंडात रस ओतला. माणूस उठून बसला, पागोटं शोधायला लागला! आणि गाव काय म्हणालं? "माणूस वाचला" म्हणालं? छे! म्हणालं, "मोहर फोडली!" हैबतरावांनीच चावडीवर ठराव केला. धुरपाचा ओटीवर पाय नको, पंगतीत पान नको. ती उघडी कुपी घेऊन घरी गेली, खिडकीत ठेवून दिली. म्हणाली, "ज्याला लागेल त्यानं मागावं. मी विचारणार नाही तू कुठल्या घरचा."

पेटीवाले, ओळ घ्या!

मोहर जपली, माणूस गेला,
कोनाड्याला नमस्कार केला!

आता मुद्द्यावर येतो. हैबतरावांची मुलगी मैना लग्नाची झाली. स्थळ आलं ते निंबाजीरावांचं. आता परगावचं, पण मूळ नीलकुंडाचंच, त्याच झऱ्याच्या रसाचं घराणं, मोठं खटलं. पाहुणे दुपारनंतर यायचे होते. सकाळपासून हैबतरावांची धावपळ! कशाची? पोहे, लाडू, सतरंजी? छे हो! कुपी पुसायची! खोबरेल तेलाचं बोट लावून दगड चकाकता केला. लाखेवरची धूळ मोरपिसानं झाडली. मोरपीस! बायको चुलीशी घामाघूम, हे इकडे दगडाला मोरपीस फिरवतायत.

बयजा सरपण काढायला मागच्या दारी गेली. लाकडाच्या ढिगात हात घातला, पाय पुढे टाकला, आणि किंचाळलीच! निळा विंचू! उजव्या पायाला, अगदी टाचेवर.

हैबतराव धावत आले. पायाकडे बघितलं. निळी रेघ घोट्यापर्यंत आलेली. बयजा दात आवळून म्हणाली, "धुरपाला बोलवा."

"कुणाला?"

"धुरपाला. लवकर."

"आज? पाहुणे येणार त्या दिवशी? फुटक्या मोहरेची बाई माझ्या दारात?" हैबतराव असे मागे सरले की जणू विंचू त्यांनाच चावलाय! "अगं, घोट्यापर्यंतच आहे. मी लेप लावतो."

लेप लावला! हळद लावली, चुना लावला, शेजारच्या म्हातारीनं सांगितलं म्हणून कांदाही चोळला. निळी रेघ काय कांद्याला घाबरते? गुडघ्याला आली. हैबतराव म्हणाले, "गुडघाच आहे." मांडीला आली. म्हणाले, "मांडी म्हणजे काही छाती नव्हे." मंडळी, हे शब्द कुठे ऐकलेत का? धुरपाचा सासरा आठवतोय ना? माणूस वेगळा, घर वेगळं, पण जपणाऱ्याची जीभ एकच!

हैबतरावांचं प्रेम नव्हतं असं नाही हो. बयजाशिवाय त्यांना स्वतःचं धोतर कुठे आहे ते सापडत नसे. मनात एकीकडे बयजा आणि दुसरीकडे कोनाडा. बयजाकडे बघायचे, कोनाड्याकडे बघायचे. मोहर फोडली तर संध्याकाळी निंबाजीराव काय म्हणतील? मैनाचं काय? नाही फोडली तर... पुढचं वाक्य ते मनातसुद्धा पुरं करत नव्हते.

शेवटी कंबर निळी झाली तेव्हा हा वीर उठला. हो, कोनाड्यापाशी गेला, कुपी उचलली, डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, "बयजा, तुझ्यासाठी मी घराण्याची मोहर फोडतो!" बघा, उपकार! बायकोला बायकोचाच जीव देतोय, तर त्याचंही भाषण!

बयजा खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "फोडू नका."

झालं! हैबतरावांचा ऊर भरून आला. "पाहा! काय ही बाई! मरेल, पण मोहर फोडू देणार नाही! खरी खानदानी!" आणि कुपी परत कोनाड्यात ठेवायला निघाले! अहो, निघालेच! एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा!

तेव्हा बयजाला मरतामरता हसू आलं. म्हणाली, "अहो, त्यात गुळाचं पाणी आहे."

"काय?"

"गुळाचं पाणी. तुम्ही रांगत होता तेव्हा विंचू चावला होता. तुमच्या टाचेवर तो निळा डाग आहे ना, तो त्याचाच. सासूबाईंनी मोहर फोडली, सगळा रस तुम्हाला पाजला. मग गुळाचं पाणी भरलं. कासाराकडून लाख आणली. आणि त्यावर स्वतःचा अंगठा उमटवला. मला पडवीत सांगितलं. म्हणाल्या, त्याला कळू देऊ नकोस, त्याचा फार जीव आहे त्या मोहरेवर."

मंडळी, क्षणभर थांबा. पेटी नको, झांज नको. हैबतराव कुपी हातात धरून उभे आहेत. लाखेवरचा ठसा बघतायत. चाळीस वर्षं कपाळ टेकलं, पण एकदा नीट बघितलं नव्हतं. यक्षाचा अंगठा एवढा बारीक असतो का? नखाशेजारी चिरलेली रेघ, विळीवर भाजी चिरताना पडते तशी! रोज ज्याला नमस्कार केला तो आईचा अंगठा होता. आणि आई जिवंत होती तेव्हा याला तिच्या पडवीत जायला वेळ नव्हता!

मग चाळीस वर्षं हवा खाणारी ती टाच घेऊन हैबतराव धावले. डोक्यावरून उपरणं ओढून, कुणी बघू नये म्हणून आळीच्या मागच्या बाजूनं! गावात दुसऱ्या कुणाकडे गेले नाहीत. का? त्यांना पक्कं ठाऊक होतं, दुसऱ्याच्या घरासाठी कुणी मोहर फोडणार नाही. कारण नियम कुणी केला होता? यांनीच!

धुरपा खिडकीशी तांदूळ निवडत होती. काल ज्यांच्या तोंडी 'धुरपे' होतं, ते आज काय म्हणाले? "धुरपाबाई!" बाई! एका विंचवानं केवढा आदर शिकवला! "धुरपाबाई, बयजाला निळा विंचू..."

तिनं तांदूळ सुपातच टाकले. खिडकीतली कुपी उचलून उजेडात तिरपी केली. तळाशी एकच घोट उरला होता. तुम्हाला वाटलं, आता चमत्कार होणार, कुपी आपोआप काठोकाठ भरणार! नाही हो. दिलं की कमी होतं, हा साधा हिशेब यक्षाच्या रसालाही लागू आहे. एक घोट. तोही तिनं कुणासाठी ठेवला असेल? स्वतःसाठी, म्हातारपणासाठी. पण तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"चला," म्हणाली, आणि समोरच्या रस्त्यानं निघाली.

हैबतराव आडवे आले. "धुरपाबाई, मागच्या दारानं... म्हणजे... पाहुणे यायची वेळ झालीय. तुमच्या मनात सूड असेल, समजतं मला, पण आज ओटीवरून नको..."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मसणात बघितलं होतं तसं. मग म्हणाली, "दादा, मागच्या दारानं सगळ्या परसांना वळसा आहे. ओटीवरून जवळ आहे. वेळ किती राहिलाय?"

सूड! त्या बाईच्या मनात सूडसुद्धा नव्हता, नुसतं अंतर होतं. सगळं गाव ज्या ओटीवरून भांडत होतं, ती तिच्या लेखी फक्त जवळची वाट होती. हैबतराव बाजूला सरले. ती ओटीवरून आत गेली, कोनाड्याकडे नजरही टाकली नाही. बयजाच्या बरगडीपर्यंत निळं आलं होतं. एक घोट. रेघ थांबली. मग उतरायला लागली, कंबर, गुडघा, घोटा. शेवटी टाचेवर एक निळा ठिपका तेवढा राहिला, नवऱ्याच्या टाचेवर होता अगदी तसाच!

आता कुणालाही वाटेल, हैबतराव सुधारले. बायको वाचली, डोळे उघडले, पाया पडले धुरपाच्या. वाटलं ना? भोळे आहात! तेवढ्यात बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला. पाहुणे! आणि हैबतरावांनी काय करावं? उठले, कुपी पुसली, कोनाड्यात ठेवली! "मोहर फोडलीच नाही ना आपण! शाबूत आहे!" आणि धुरपाला म्हणाले, "धुरपाबाई, तेवढा वेळ गोठ्यात बसता का?"

गोठ्यात! जिनं शेवटचा घोट दिला, तिला गोठ्यात! मी इथे उभा राहून सांगतोय, पण सांगताना माझ्याच कानशिलात जाळ होतोय. आणि ती बाई गेली हो. गाईशेजारी जाऊन बसली. गाय कदाचित जरा सरकली असेल. हैबतराव सरकले नाहीत.

पाहुणे बसले. निंबाजीराव, त्यांचा मुलगा, आणि निंबाजीरावांची थोरली बहीण पुतळाआत्या, काठी टेकत आलेली, दात पडलेले, डोळे मात्र तेज. पोहे झाले. मैना येऊन गेली, कुणी तिचं नावही विचारलं नाही. निंबाजीराव घसा साफ करून म्हणाले, "मग, कुपी बघू या का?" हैबतरावांनी दोन्ही हातांनी कुपी पुढे केली. निंबाजीरावांनी कानाशी धरली. डुबुक! मान डोलली. "वा! मोहर काय सुरेख! यक्षाचा अंगठा कसा ठसठशीत उमटलाय!"

तेवढ्यात बयजा बाहेर आली. चालत आली, स्वतःच्या पायांनी. हैबतरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती आधी गोठ्याकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "धुरपावन्सं, बाहेर या. ओटीवर बसा." धुरपा येऊन बसली. निंबाजीराव अंग चोरून सरकले. मग बयजानं त्यांच्या हातातली कुपी अलगद काढून घेतली, उंबऱ्यावर आपटून लाख फोडली, आणि वाट्यांमध्ये ओतायला लागली!

"घ्या," म्हणाली. "उन्हातून आलात. गुळाचं पाणी आहे. फार जुनं आहे, आंबलं असेल, तेवढं सांभाळून घ्या."

निंबाजीराव उठले, तांबडेलाल! "ही थट्टा? फुटक्या मोहरेच्या घरात आम्हाला..."

"खाली बस निंब्या!" पुतळाआत्यानं काठी आपटली. वाटी तोंडाला लावली, जीभ फिरवली. "हं! गूळ बरा मुरलाय. आपल्याकडे चिंचेचं आहे."

"आपल्याकडे?"

"मग? तू चिंचेच्या झाडावरूनच पडला होतास ना. मणका मोडला होता. आईनं रस पाजला आणि त्याच झाडाच्या चिंचा कोळून भरल्या. लाखेवर अंगठा माझा आहे. आईचे हात थरथरत होते."

आणि मग मंडळी, दारात जमलेल्या शेजारणींकडून एकेक आवाज यायला लागला. "आमच्याकडे कोकमाचं!" "आमच्यात नुसतं पाणी, बाई, तेव्हा घाईच झाली होती." "आमच्या कुपीत ताक होतं, ते फुगून लाख उडाली, दोनदा बसवली!" सगळ्या नगरीत एक भरलेली कुपी नव्हती! आणि पुरुष चावडीवर बसून डुबुक ऐकत होते! अरे, ज्या गावात धुरपाखेरीज आजवर एकही मोहर फुटली नाही, त्या गावात एवढे म्हातारे होईपर्यंत तुम्ही जिवंत राहिलात कसे? एकाच्या तरी डोक्यात हा प्रश्न यावा!

निंबाजीराव बसले. काय करतात? मणका आठवला!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका रिकाम्या कुप्या पदराखाली न लपवता उघड्या हातात घेऊन डोंगर चढल्या. शाप असेल तर असो, एकदा विचारून तर येऊ. हैबतरावही गेले. जावंच लागलं. बयजानं कुपी त्यांच्या हातात दिली होती आणि ती पुढे चालत होती.

झऱ्याकाठी यक्ष बसला होता. खांद्यांवर शेवाळ चढलेलं, पापण्यांवर कोळिष्टकं. झरा काठोकाठ भरून कधीपासून खाली वाहून जात होता. माणसं बघून तो गडबडून उठला. "आलात? इतकी वर्षं लावलीत? मला वाटलं, तुमच्या गावात कुणी आजारीच पडत नाही!"

धुरपा पुढे झाली. "शाप देता ना तुम्ही? रिकामी कुपी आणली की?"

"मी?" यक्ष म्हणाला. "अगं, रिकामी कुपी आणली तरच मला भरता येईल ना! भरलेलीत काय घालू?"

"म्हणजे कधीही आणली असती तरी..."

"कधीही."

तिनं हळू विचारलं, "म्हणजे माझा नवरा गेला त्या दिवशीही? आधी रस पाजून, मग कुपी घेऊन वर आले असते तर?"

यक्षानं मान खाली घातली. आणि सगळ्यांच्या मागे हैबतराव उभे होते. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला — "मुलगा दिला, पण मोहर दिली नाही!" धन्य ते घर म्हणाले होते ना? मोठ्यानं म्हणाले होते. आता त्यांना ती टाच कुठे लपवू असं झालं. ते पुढे आले, धुरपासमोर वाकले, आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी त्यांना क्षमा केली नसती. त्या बाईनं केली की नाही, ते ती जाणे. तिनं फक्त कुपी झऱ्यात बुडवली.

भरलेली कुपी घेऊन हैबतराव घरी आले. ओटीवर चढले, कोनाड्यापाशी गेले. आणि काय सांगू — हात लाखेच्या डबीकडे गेला! गेला हो! अर्धं आयुष्य सवय! बोटांनी डबीचं झाकण उचललंसुद्धा. मागे बयजा उभी होती. हैबतरावांनी लाखेच्या तुकड्यांकडे बघितलं, जे कालपासून उंबऱ्यापाशी पडले होते. त्यातला आईच्या अंगठ्याचा तुकडा उचलला आणि तेवढाच कोनाड्यात ठेवला. कुपी ओटीच्या कडेला, रस्त्यावरून हात पोचेल अशी उघडी ठेवली. आणि आत जाऊन झोपून राहिले.

झालं आख्यान. आता तुमच्याकडे वळतो. हां, उठू नका, आरती अजून आहे!

हैबतरावांना खूप हसलात. आणि तुमच्या कोनाड्यात काय आहे? भावाशी बोलायचा एक बरा शब्द कित्येक वर्षं लाख लावून ठेवलाय, योग्य वेळ आली की देऊ म्हणून. शेजारी कण्हतोय, आणि तुम्ही म्हणताय, गुडघ्यापर्यंतच आलंय! देवाचं नावसुद्धा राखून ठेवलंय, म्हातारपणासाठी! रोज हात जोडता, आणि ज्या अंगठ्यानं तुम्हाला जगवलं तो पडवीत पडलाय, जुन्या गोधडीत. देव काय सांगतोय? रिकामे होऊन या, मी भरतो. आणि तुम्ही? मोहर दाखवायला येता!

पहिला प्रश्न पुन्हा विचारतो. कोनाड्यात ठेवलेली, कधी न उघडलेली वस्तू — ती आहे की नाही? ... आता का गप्प, पुरुष मंडळी? आणि तिकडे बायकांच्या बाजूला हसू का फुटलंय?

हसू द्या त्यांना. तुम्ही घरी जा. आई असेल तर आधी तिच्यापाशी बसा, तिचा अंगठा हातात घेऊन नीट बघा. मग कोनाड्याकडे वळा. आणि हलवून बघू नका. डुबुक तर वाजणारच आहे!

म्हणा माझ्यासोबत, आणि या वेळी मान खाली घालून म्हणा —

मोहर जपली, माणूस गेला,
कोनाड्याला नमस्कार केला!